सुनेची जीभ

येघसापेत नावाच्या म्हातारीला पुरलं तेव्हा तिच्या कमरेला चांदीचा पट्टा होता. गावातल्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी. एवढी चांदी मातीत घातली आणि हूं की चूं केलं नाही. हूं की चूं तर तिनं म्हातारीच्या देखत कधीच केलं नव्हतं, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती सून म्हणजे थोझामा. आमच्या झोराकाप गावात या नावानं तिला कुणी हाक मारली नाही. 'काळी सून' म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि ती ओ द्यायची.

म्हातारीचा मुलगा ह्राच सामुदायिक शेताची दुधाची गाडी चालवायचा. इंजिनाचं काम शिकायला म्हणून त्याला येरेवानला पाठवला, तो इंजिन अर्धवट शिकला आणि बायको घेऊन आला. ही तिथं नर्सचं शिकत होती. आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकाची, खोसा लोकांतली. तिच्या मुलखात तेव्हा गोऱ्यांचं राज्य. जी पोरं चोरून बाहेर पडली ती परत गेली तर थेट तुरुंगात. म्हणजे बाईची माघारची वाट आधीच बुजलेली. म्हातारीला हे पहिल्याच दिवशी कळलं, आणि तिनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

पहिल्या दिवशीचं मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण आमची नि त्यांची भिंत एक. उंबऱ्यावर बशी फोडली, सुनेच्या खांद्यांवर लवाश, म्हणजे आमची पातळ रोटी, टाकला, सगळं रीतीनं झालं. गाव बघायला लोटलं होतं. शहरातल्या पोरी काय घालून येतात, कशा खिदळतात, हे आम्हाला माहीत होतं. ही आली ती कपाळापर्यंत ओढणी ओढून, खाली मान घालून. दाराजवळ जमिनीवर बसली. ह्राचच्या कानात काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतीया?" म्हातारीनं विचारलं.

"सासऱ्याचं नाव इचारतीया," ह्राच म्हणाला. "त्यांच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडात आणत नाही. त्या नावासारखा आवाजबी आणत नाही. आडवाटेनं दुसरा शब्द घेती. आणि थोरांपुढं आवाज चढवत नाही."

सासरा वारोस मरून किती वर्षं झाली होती. तरी पोरीनं विचारलं. बायका हसल्या. मी पण हसले. म्हातारी हसली नाही. ती उठली, सुनेच्या ओढणीचं खालचं टोक उचललं, तिच्या तोंडावरून नेऊन मागं खोचलं, आणि म्हणाली, "ही खरी सून. तुम्ही समद्या गाढविणी."

ओढणी तोंडावरून का नेली ते सांगते. आमच्याकडे जुनी रीत होती, सून थोरांपुढं बोलत नसे. सासऱ्यापुढं नाही, सासूपुढं नाही, त्यांच्यासमोर नवऱ्याशी नाही, पोटच्या पोराशीसुद्धा नाही. लागेल ते हातांनी सांगायचं. पाण्याची खूण, भाकरीची खूण, गाय व्यायली याची खूण. सुनांची अख्खी भाषा होती हातांची. माझ्या आईच्या काळात ती रीत विटली. मी तर सासरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मिठावरून सासूशी भांडले होते.

थोझामाला वाटलं, मान दिला. तिच्याकडेही सुनेला काही दिवस असं अंग चोरूनच वागावं लागतं. मग सासरचे आंबट दुधाचा वाडगा पुढं करतात, ती पिते, घरातली होते, सैल होते. तिनं धरलं, इथंही चार-आठ दिवसांत वाडगा येईल. वाडगा रोज येत होता, आमच्याकडे दह्याशिवाय जेवण नाही, पण जीभ काही सुटेना. आमच्या रीतीत एकदा मिटलेलं तोंड आपोआप उघडत नाही. थोरल्यानं चारचौघांत शब्दानं सोडावं लागतं, वर काही वस्तू द्यावी लागते. दोन मुलखांच्या दोन भल्या रीती समोरासमोर आल्या आणि जात्याच्या पाळ्यांसारख्या एकमेकींवर बसल्या. मधल्या दाण्याचं काय होतं ते दाण्याला विचारावं.

"जरा सांग की आईला," मी ह्राचला एकदा म्हटलं.

"तिनंच सुरू केलंय, काकू," तो म्हणाला. "आन आई खुशीत हाय. कशाला उगा मधमाशांत हात घालू?" ह्राच हा असा. गाडी चढाला लागली की उतरून ढकलणाऱ्यांच्यात नव्हता, सीटवर बसून शिव्या देणाऱ्यांतला.

घराबाहेर मात्र तिची जीभ चालायची. दवाखान्यात ती नर्स होती आणि तिथं घडाघडा बोलायची, तेही आमच्या बोलीत, येरेवानच्या इस्त्री केलेल्या भाषेत नव्हे. याचा मला भारी अभिमान. शाळेत एक रशियन मास्तरीण होती, जन्म आमच्यात गेला तिचा, पण आमचे कडक आवाज तिला कधी जमले नाहीत. आमच्या भाषेत क, ट, प असे आहेत की घशातला वारा कोंडून फट्कन सोडावा लागतो, अक्रोड फोडल्यासारखा. थोझामानं पहिल्याच आठवड्यात ते फोडले. म्हणाली, "काकू, हे तर आमच्यातबी हायेत. माझ्या आजीनं शिकवलेत, तुमच्या सरकारनं नाही."

रोटीच्या दिवशी ती माझ्याकडे यायची. माझ्या परड्यात तोनिर आहे, जमिनीत खोल पुरलेला मोठा तंदूर. मी लाटायची, ती रोटी थापायच्या उशीवर पोळी ताणून आत वाकून भिंतीला थापायची. तोनिर माझा, म्हणून तिथं तिला बोलायची मुभा. तिथंच आमच्या दोन्ही भाषांची मोजणी व्हायची.

"तुमची भाषा शेपटीनं चालती," ती म्हणायची. "सगळं मागं लावता. घर, घरात, घरातून. आमची तोंडानं चालती. सगळं म्होरं लागतं."

"म्हंजे कसं?"

"मेंढराचं बघा. म्होरल्या मेंढीच्या गळ्यात घंटा, तशी आमच्यात पहिल्या शब्दाला घंटा. मागनं येणाऱ्या सगळ्या शब्दांच्या गळ्यात तीच घंटा. माणसांची येगळी, झाडांची येगळी. कोण कुणाचं ते आवाजावरनंच कळतं."

"आन हरवलेलं मेंढरू?"

"बोंबलतं," ती म्हणायची आणि हसायची.

तो आणि ती याला आमच्यात एकच शब्द, तिच्यातही एकच, रशियनमध्ये मात्र दोन. यावरून आम्ही त्या मास्तरणीची फार टिंगल करायचो. आणि तिच्या भाषेतले ते टाळ्याला जीभ मारून काढायचे आवाज! एक दातांमागचा, एक गालाच्या कडेचा, बाटलीचं बूच निघावं तसा एक मधला. दातांमागचा आमच्याकडेही आहे. हनुवटी वर करून आम्ही 'च्च' करतो, म्हणजे नाही. गालाचा आम्ही खेचराला हाकताना वापरतो. तिच्याकडे त्यांचे शब्द होतात, गाणी होतात, देवाची प्रार्थना होते.

"पण सुनेचं तुमच्यात बरं," मी म्हटलं एकदा. "आडवाटेनं का होईना, बोलायला तरी मिळतं."

तिनं पोळी थापली, वर आली. "तुमच्यात जीभच काढून घेतात, काकू. आमच्यात ठेवतात आन तिच्यात काटे पेरतात. दर शब्दाला बघून पाय टाकायचा. पण तुमच्यात एक बरं हाय. हात सोडतात."

हातांची भाषा तिला म्हातारीनं शिकवली. हे मात्र खरं सांगितलं पाहिजे, म्हातारीनं त्या पोरीला मायेनं काही दिलं असेल तर तेवढंच. गावात ती भाषा जाणणारी म्हातारीच एक उरली होती. मला पाणी, भाकरी एवढ्याच खुणा येतात. संध्याकाळी चुलीशी दोघी बसायच्या आणि म्हातारी तिची बोटं धरून वळवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आई लेकीला विणायला शिकवते आहे.

मग मुलगी झाली. नाव म्हातारीनं ठेवलं, मानुशाक, स्वतःच्या आईचं. आणि तिथून खरी सुरुवात झाली. म्हातारी घरातून हलायची नाही. पोरीपाशी कायम ती. तिच्यापुढं थोझामाला पोरीशी बोलता येईना, आमच्या भाषेतही नाही, स्वतःच्या तर नाहीच. दवाखान्यात पोर न्यायला बंदी. मग ती गोठ्यात दूध काढताना पोरीला मांडीवर घ्यायची आणि गाईच्या पोटाला डोकं टेकवून हळू आवाजात आपल्या भाषेतलं काहीतरी गुणगुणायची.

म्हातारीच्या कानाला ते लागलंच. गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. "खेचर हाकतीस काय गं?" म्हणाली. "गाईला खेचराची भाषा कळायची न्हाई."

पोर हसली. दोन-अडीच वर्षांची पोर, तिला काय. म्हातारीला ती वाट सापडली. उठता बसता तिचं सुरू झालं. "मानुशाक, तुझी आय जनावराशी कशी बोलती गं?" पोर गालात जीभ मारून ट्लक् ट्लक् करायची, म्हातारी टाळ्या पिटायची, तिच्या तोंडात मनुका घालायची. थोझामा समोर बसून कणीक मळत असायची. ओढणी तोंडावर. वर फक्त डोळे.

एका रोटीच्या दिवशी ती मला म्हणाली, "काकू, एक काम करा. म्हातारीशी बोला. मला तिच्या घरचं काय नको. जीभ तेवढी सोडू दे. पोरगी माझी भाषा शिकली न्हाई तर या अख्ख्या मुलखात माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं एक माणूस न्हाई. मी मेले तर मनातल्या मनात मरीन."

मी गेले. सोबत चक्का नेला, हात हलवत जायची माझी रीत नाही. म्हातारी लोकर पिंजत होती.

"येघसापेत, पुरे की आता," मी म्हटलं. "पोरीची लेक बोलायला लागली. सोड तिची जीभ. तो पेटीतला चांदीचा पट्टा दे, चार बायका बोलव, गोडाचं कर. लोक तुझंच नाव काढतील."

"पट्टा?" ती म्हणाली. पिंजणं थांबलं नाही. "पट्टा मला का मिळाला, ठाव हाय तुला?"

ठाऊक होतं. माझ्या आईनं सांगितलं होतं. पण येघसापेतनं ते कुणाला स्वतःच्या तोंडानं सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"माझा सासरा सेदराक तोनिरापाशी बसलेला," ती म्हणाली. "मी पलीकडं पीठ चाळत होते. मुकुच माझा रांगत निघाला. तोनिराकडं. सेदराकची पाठ त्याच्याकडं. मी हाक मारली असती तर सेदराकनं वळून उचलला असता, हाताच्या अंतरावर होता. मी टाळ्या वाजवल्या. सुनेला टाळी वाजवायची मुभा हाय. सेदराकला वाटलं, मी चाळणीचं पीठ झाडतीया. मी पळाले. पोचले न्हाई."

लोकर तिच्या हातात तशीच.

"तवा मी तोंड उघडलं न्हाई. पोटचं पोर जळत व्हतं, मी तोंड उघडलं न्हाई. तिसऱ्या दिवशी सेदराकनं चारचौघांत मला पट्टा दिला आन म्हणाला, अशी सून गावात न्हाई, जा, तुझी जीभ सोडली. आन ही काळी, हिला कशापायी जीभ पायजे? गाणी म्हणायला?"

"तुझं झालं म्हणून हिचं व्हावं काय?" मी म्हटलं.

तिनं हनुवटी वर केली आणि 'च्च' केलं. "मला वाटंल तवा सोडीन. न्हाई वाटलं तर न्हाई सोडणार. चक्का घिऊन जा तुझा, आंबलाय."

चक्का मी तिथंच ठेवला. आंबलेला नव्हता.

मुकुचला कुटुंबाच्या जागेत पुरलं नव्हतं. एवढ्या लहान पोरांना आमच्याकडे रांगेत धरत नाहीत. स्मशानाच्या कडेला रानटी नासपतीचं झाड आहे, त्याच्या बुडाशी एक दगड. म्हातारी तिकडे जाताना कधी कुणी पाहिली नाही. कुटुंबाची जागा वरच्या बाजूला, लोखंडी कुंपणाची. सेदराक तिथं, वारोस तिथं, दोघांच्या मधे एक जागा राखलेली. ती कुणाची हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

वर्षं गेली. मानुशाक शाळेत जायला लागली. थोझामा घरात हातांनी बोलत राहिली, आणि गावाला त्यात काही नवल उरलं नाही. पाहुणे आले की म्हातारी दाखवायची, जशी एखादी चांगली गाय दाखवावी. "बघा, आजून तोंडातून ब्र न्हाई."

एका पानगळीत म्हातारीला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे लख्ख. डावा हात चालत होता. थोझामानं तिचं सगळं केलं, नर्स होती ती, आणि हात हलके होते तिचे. हगणं-मुतणं काढलं, कूस बदलली, चमच्यानं पातळ दही भरवलं. अंगाला एक फोड येऊ दिला नाही.

शेवटच्या दिवशी मी तिथं होते. ह्राच खाटेच्या पायथ्याशी बसलेला. म्हातारीनं डाव्या हातानं पेटीकडे दाखवलं. थोझामानं पेटी उघडली, पट्टा काढून तिच्या हातात दिला. म्हातारीनं तो सुनेच्या तळहातावर ठेवला, तिची मूठ मिटली, मग स्वतःच्या ओठांवरून बोट ओढून बाहेर फेकल्यासारखं केलं. ही खूण मलाही कळली. जीभ सोडली. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

मग ती बोटांनी पुष्कळ काही सांगायला लागली. भरभर, एका हातानं, अडखळत. पुन्हा पुन्हा तेच. तळवा जमिनीजवळ, मूठ पिळल्यासारखी, मग छातीवर हात, मग मान जोरजोरात हलवत वर कुठंतरी बोट.

"काय म्हणती आई?" ह्राचनं विचारलं. "पाणी पायजे?"

थोझामानं मान हलवली, नाही.

"मग काय? अगं बोल की! तिनं सोडलीया ना जीभ, पट्टा दिलाय ना? बोल!"

थोझामानं म्हातारीकडे पाहिलं. मग मूठ उघडली, पट्टा म्हातारीच्या उशाशी ठेवला, आणि ओढणीचं टोक तोंडावरून नीट खोचून घेतलं. ह्राचकडे वळून बोटानं स्वतःचे ओठ दाखवले, मग म्हातारीचे. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. राग नव्हता. औषध मोजताना असतात तसे होते.

"तोंडानं सोडली न्हाई म्हणती," ह्राच माझ्याकडे बघून म्हणाला. "शब्दानं सोडायला पायजे ना. रीतच हाय." आणि त्याला आपल्या बायकोचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं.

म्हातारीचा हात पहाटेपर्यंत चालत होता म्हणतात. मी घरी गेले होते.

अंग धुवायला, कपडे घालायला बायका जमल्या. थोझामानं पट्टा उचलला आणि स्वतःच्या हातानं म्हातारीच्या कमरेला बांधला. आकडा लावला, जरा घट्टच. बायका रडता रडता थांबल्या. एकजण म्हणाली, "सोन्याची गं तू." मग वर नेलं, लोखंडी कुंपणात, सेदराक आणि वारोस यांच्या मधे. म्हातारीनं आयुष्यभर कमरेला लावला नाही तो पट्टा बांधून ती सासऱ्याशेजारी निजली.

चाळिसावा दिवस झाला. त्यानंतरच्या रोटीच्या दिवशी थोझामा माझ्या परड्यात आली ती ओढणी मानेवर टाकून, तोंड उघडं.

"कुणी सोडली गं?" मी विचारलं.

"घरात थोरली आता मी," ती म्हणाली. "मीच सोडली."

मी लाटत राहिले. दोन-चार पोळ्या झाल्या. मग मला राहवेना. "मरताना काय सांगत होती ती?"

तिनं पोळी थापली. वर आली, घाम पुसला. "मला मुकुचपाशी पुरा म्हणत होती. नासपतीखाली. सेदराकपाशी नको. सेदराकपाशी नको, सेदराकपाशी नको. एवढंच."

"आन तू?"

"मी सून, काकू," ती म्हणाली. "थोरांपुढं कशी बोलणार?"

म्हातारीनं तिच्या तोंडाला गाठ मारली तेव्हा मी हसले होते, आणि आता कुठल्या तोंडानं तिला काय सांगणार. शिवाय कणीक सुकत होती.

तेवढ्यात मानुशाक शाळेतून आली. उंच झाली होती, आजीचं नाक, आईचे डोळे. थोझामा तिच्याकडे वळली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. लांबलचक वाक्य होतं, पहिल्या शब्दाची घंटा शेवटपर्यंत वाजत गेली, मधे तो दातांमागचा आवाज आला, मधे बाटलीच्या बुचाचा. मी तिच्या तोंडून एवढं सलग कधी ऐकलं नव्हतं. ती थांबली आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. लाजली, शेजारणीपुढं आईनं काही वेडंवाकडं केलं की पोरं लाजतात तशी. हनुवटी वर केली. "च्च," म्हणाली. "आई, माणसासारखं बोल की."

आणि ताज्या पोळीचा तुकडा तोडून घराकडे पळाली.

थोझामानं पुढची पोळी उशीवर पसरली. कडा नीट ताणल्या. मग ओढणीचं टोक उचलून तोंडावर घेतलं, मागं खोचलं.

"धूर फार हाय," म्हणाली, आणि आत वाकली.

धूर केव्हाच विरला होता. खाली नुसते निखारे होते.